हेरेरासॉरसची शाडूची प्रतिकृती: हाडांपासून कातडीपर्यंत

हेरेरासॉरस हा ट्रायासिक काळातील मांसाहारी डायनासोर सुमारे 23 कोटी 10 लाख वर्षांपूर्वी आजच्या अर्जेंटिनाच्या वायव्य भागात वावरत होता. आपल्याला माहीत असलेल्या सर्वांत जुन्या डायनासोरांमध्ये त्याची गणना होते. असे असूनही शाळेच्या प्रदर्शनांत किंवा खेळण्यांच्या दुकानांत तो दिसतो, तेव्हा बहुतेक वेळा टायरॅनोसॉरस लहान करून त्याला हे नाव दिलेले असते. डोके अवाढव्य, हात खुरटे, बोटे दोन आणि शेपूट जमिनीवर टेकलेली. टायरॅनोसॉरस हा हेरेरासॉरसनंतर सोळा कोटींहून अधिक वर्षांनी आला. त्याची शरीरयष्टी या प्राण्याला चिकटवणे म्हणजे मधला सारा काळ पुसून टाकणे होय. म्हणून प्रतिकृती घडवताना एक नियम मी कटाक्षाने पाळतो: जिथे अंगठा दाबायचा, तिथे खाली कोणते हाड आहे हे आधी ठाऊक असले पाहिजे.

या लेखात एकास दहा प्रमाणातील, म्हणजे चार मीटर लांबीच्या प्राण्याची चाळीस सेंटिमीटरची प्रतिकृती कशी घडवावी, हे सांगितले आहे. हेरेरासॉरसचे सांगाडे वेगवेगळ्या आकारांचे सापडले आहेत. काही प्राणी जेमतेम तीन मीटरचे, तर काही साडेचार मीटरहून मोठे असावेत. चार मीटर हे माप मी धरले, ते पुस्तकांच्या कपाटावर ठेवता येईल आणि बोटेही कोरता येतील अशी प्रतिकृती त्यातून होते म्हणून.

साहित्य आणि एक हिशेब

तीन मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची तार दीड मीटर, बोटांसाठी बारीक तांब्याची तार, सुतळी, पाऊण किलो मळलेला शाडू, दोन मुठी कागदाचा भिजवून पिळलेला लगदा, एम-सीलसारखी इपॉक्सी पुट्टी, पक्कड, दोन-तीन कोरण्या, एक बोथट दाभण आणि पंचेचाळीस बाय वीस सेंटिमीटरचा प्लायवूडचा तुकडा एवढे जवळ असले म्हणजे काम सुरू करता येते.

माती पाऊणच किलो का, याचे उत्तर प्राण्यातच आहे. पूर्ण वाढ झालेल्या मोठ्या हेरेरासॉरसचे वजन साधारण 200 ते 350 किलोच्या दरम्यान धरले जाते. लांबी दहापट कमी केली की आकारमान हजारपट कमी होते. म्हणजे आपल्या प्रतिकृतीचे आकारमान फार तर पाव ते एक तृतीयांश लिटर भरायला हवे. काम करता करता किलोभर माती लागली, तर प्राणी जाड झाला आहे असे खुशाल समजावे. हा हिशेब मी दर वेळी करतो, कारण हातात ओली माती असली की थर चढवत जाण्याचा मोह कुणालाही होतो आणि चपळ शिकारी बघता बघता रेड्यासारखा दिसू लागतो.

शाडू नुसता वापरू नये. वाळताना तो आकसतो, आतली तार मात्र आकसत नाही, आणि त्या ओढाताणीत सर्वांत बारीक जागी, म्हणजे घोट्याशी, मनगटाशी आणि शेपटीच्या टोकाशी, तडे जातात. माझ्या पहिल्या प्रतिकृतीचे दोन्ही घोटे चौथ्या दिवशी असेच तडकले होते. लगदा मिसळल्याने मातीत तंतू येतात व तडे पुष्कळ कमी होतात. तारेवर सुतळी सैलसर गुंडाळली की मातीला धरायला जागा आणि आकसायला थोडी मोकळीक, दोन्ही मिळतात. पावले, हाताचे पंजे आणि शेपटीचा शेवटचा तिसरा भाग तर सरळ पुट्टीचाच करावा.

सांगाडा

कागदावर चाळीस सेंटिमीटरची आडवी रेघ आखावी. समोरून मोजत पहिले चार सेंटिमीटर डोके, पुढचे पंधरा मान व धड, आणि उरलेले एकवीस सेंटिमीटर शेपूट अशी विभागणी करावी. धड आणि शेपूट जिथे मिळतात तिथे कंबर येते, आणि या प्राण्याचा सगळा तोल कंबरेवर आहे. कंबरेची उंची जमिनीपासून नऊ सेंटिमीटर ठेवावी. ही मापे प्रमाण जुळवण्यासाठी धरलेली असून अर्धा सेंटिमीटर इकडे-तिकडे झाल्याने काही बिघडत नाही. मात्र डोके पाच सेंटिमीटरच्या पुढे गेले, की प्राणी लगेच दुसऱ्याच कुळातला वाटू लागतो.

पाठकणा एका अखंड तारेचा करावा. तो जमिनीला जवळजवळ समांतर असतो; मान मात्र हलक्या वळणाने वर उचललेली असते. शेपटीच्या बाबतीत थोडे थांबून विचार करायला हवा. हेरेरासॉरसच्या शेपटीच्या मागच्या भागातील मणक्यांना पुढच्या दिशेने वाढलेले लांब प्रवर्ध आहेत, ते पुढच्या मणक्यावर चढून बसतात आणि त्यामुळे शेपटीचा तो भाग बराच ताठ राहतो. म्हणून वळण द्यायचे असेल तर ते शेपटीच्या मुळाशी द्यावे. टोकाकडचा अर्धा भाग सापासारखा वळवू नये. धावताना तोल सावरण्यासाठी ताठ शेपूट उपयोगी पडत असावी, आणि प्रतिकृतीतही ती तशी दिसली म्हणजे प्राणी थांबलेला असूनही निघण्याच्या तयारीत आहे असे वाटते.

मागच्या पायांसाठी दोन तारा कंबरेशी पाठकण्याला पिळून बांधाव्यात. मांडीचे आणि पोटरीचे हाड लांबीने जवळपास सारखे, मांडीचे किंचित मोठे, म्हणून अनुक्रमे सव्वाचार आणि पावणेचार सेंटिमीटर धरावे. तळपायाची लांब हाडे दोन सेंटिमीटर. हा प्राणी टाच टेकवून चालत नव्हता, बोटांवर चालत होता. घोटा त्यामुळे जमिनीपासून वर राहतो, आणि अनेकांना तो ‘उलटा वळलेला गुडघा’ वाटतो. खरा गुडघा पोटाच्या बाजूला, पुढे वळणारा असतो. पायाची तार खाली प्लायवूडच्या भोकातून आरपार घालून मागून वळवून ठोकावी, कारण दोन पायांचा प्राणी ओल्या मातीचे वजन नुसत्या घोट्यांवर पेलू शकत नाही. माती पूर्ण वाळेपर्यंत छातीखाली एक तात्पुरती खुंटीही द्यावी.

पाय धडाच्या थेट खाली असावेत, सरड्यासारखे बाजूला फाकलेले नसावेत. डायनासोरांच्या मांडीच्या हाडाचे वरचे टोक आत वळलेले असून ते कंबरेच्या खोबणीत बाजूने बसते. त्यामुळे पाय खांबासारखा सरळ खाली येतो. त्याच प्रदेशात राहणाऱ्या सॉरोसुकस या मगरींच्या दूरच्या नातलगाचेही पाय धडाखाली सरळ होते. फरक इतकाच की त्याच्या कंबरेचे हाड मांडीवर वळचणीसारखे पुढे आलेले होते. नुसते सरळ पाय पाहून ‘हा डायनासोर’ असे म्हणता येत नाही, हे ध्यानात ठेवावे.

मातीचे थर

आता माती. सुरुवात कंबरेपासून करावी, डोक्यापासून नव्हे. डोके आधी केले की ते सुंदर करण्याच्या नादात मोठे होते आणि मग सगळे शरीर त्याच्या मापाने ओढावे लागते.

कंबरेच्या खाली जघनाचे हाड येते. पुढच्या काळातील बऱ्याच मांसाहारी डायनासोरांत हे हाड पुढे झुकलेले असते. हेरेरासॉरसमध्ये ते खाली आणि थोडे मागे वळलेले आहे, आणि त्याच्या खालच्या टोकाला बुटासारखा फुगवटा आहे. प्रतिकृतीत याचा परिणाम बाजूने पाहताना दिसतो: पोटाची रेघ छातीपासून मागे जाताना एकदम वर चढत नाही, मांड्यांच्या मध्ये एक छोटा उंचवटा घेऊन मगच शेपटीकडे वळते. मटाराएवढी माती तिथे लावून अंगठ्याने दोन्ही बाजूंनी चपटी करावी. कंबरेला पाठकण्याशी जोडणारे मणके मुख्यतः दोनच होते, म्हणून कंबर आखूड ठेवावी.

शेपटीचे मूळ हा या कामातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, आणि तो सर्वाधिक चुकतो. मांडीच्या हाडाच्या मागच्या बाजूला, वरून सुमारे एक तृतीयांश अंतरावर, स्नायू चिकटण्यासाठी एक ठळक उंचवटा असतो. शेपटीतून येणारा मोठा स्नायू तिथे जोडलेला असे, आणि तो आकसला की मांडी मागे ओढली जाऊन प्राणी पुढे जात असे. चालण्याचे बळ शेपटीच्या मुळात साठवलेले होते. म्हणून कंबरेच्या मागे पहिल्या सहा-सात सेंटिमीटरपर्यंत शेपूट रुंद आणि भरदार ठेवावी. मी इथे मातीची लांबट वळी करतो, शेपटीच्या दोन्ही बाजूंना एकेक लावतो आणि तिचे पुढचे टोक मांडीच्या मागच्या बाजूवर ओढून लिंपतो. मांडी व शेपूट यांच्यामध्ये खाच राहू नये. बोट फिरवले असता एकीकडून दुसरीकडे ते सहज गेले पाहिजे. त्यापुढे मात्र शेपूट झपाट्याने निमुळती करावी.

धडाची छाती अरुंद आणि खोल असावी. वरून पाहिले असता धड पानासारखे दिसावे, पिपासारखे नव्हे. मांडी भरदार, पोटरी वरच्या बाजूला भरीव व घोट्याकडे एकदम बारीक. तळपायावर स्नायू नसतातच असे समजून तिथे नुसता पातळ थर द्यावा. कोंबडीचा पाय डोळ्यांसमोर ठेवला तरी चालेल, कारण रचना त्याच जातीची आहे.

पावलाला पाच बोटे होती. वजन मधल्या तिघांवर पडे. पहिले बोट लहान, पण नखी असलेले. पाचवे अगदी क्षुल्लक. पुट्टीच्या तीन वळ्या करून मधली सर्वांत लांब ठेवावी आणि आतल्या बाजूला किंचित वर पहिले बोट चिकटवावे.

हात

पुढचे हात मागच्या पायांच्या निम्म्याहूनही आखूड होते, म्हणजे ते जमिनीवर टेकवून चालण्यासाठी नव्हते. पण आखूड म्हणून त्यांना दुबळे समजू नये. दंड आणि कोपरापुढचा भाग लहान असले तरी पंजा लांब होता, आणि पहिल्या तीन बोटांना मोठ्या वाकड्या नख्या होत्या. चौथे आणि पाचवे बोट खुंटलेले, नखीविना होते. पाचपैकी शेवटची दोन बोटे अशी आटत चाललेली दिसतात, आणि पुढच्या काळातील मांसाहारी डायनासोरांचा तीन बोटांचा हात आपल्याला परिचित असल्याने हा हात पाहताना मन थबकते. सहा सेंटिमीटरच्या प्रतिकृतीत ही दोन खुंट बोटे कुणी दाखवत नाही. चाळीस सेंटिमीटरमध्ये न दाखवण्याला सबब नाही.

तांब्याच्या तारेचे तीन तुकडे एकत्र पिळून मनगट करावे आणि पुढे ते तीन बोटांत पसरवावे. दोन खुंटांसाठी पुट्टीचे मोहरीएवढे व त्याहून बारीक असे दोन ठिपके पुरेत. तळवे एकमेकांसमोर, टाळी वाजवण्याच्या बेतात असावेत. जमिनीकडे वळलेले तळवे, जसे सशाचे पुढचे पाय लोंबलेले दाखवतात, तसे करू नयेत. मी पूर्वी तेच करत असे, आणि तशा हाताने भक्ष्य धरता येणार नाही हे स्वतःचा हात तसा वळवून पाहिल्यावर पटले.

डोके

1988 साली जीवाश्मशास्त्रज्ञ पॉल सेरेनो, फर्नांडो नोवास आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अर्जेंटिनातील इस्चिग्वालास्तो खोऱ्यात हेरेरासॉरसची जवळजवळ पूर्ण कवटी सांगाड्यासह मिळाली. तोपर्यंतचे जीवाश्म तुटक होते. या प्राण्याचा चेहरा नीट कळला तो या कवटीमुळे. आपण जे डोके करणार आहोत ते तिच्यावर बेतायचे आहे.

कवटी लांब, अरुंद, आणि बाजूने पाहिल्यास काहीशी आयताकृती आहे. वरून ती पाचरीसारखी निमुळती दिसते. मातीचा चार सेंटिमीटरचा ठोकळा घेऊन आधी त्याच्या दोन्ही बाजू चपट्या कराव्यात. डोळे, नाकपुड्या वगैरे नंतर. डोळा कवटीच्या मागच्या अर्ध्या भागात येतो. डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये कवटीला एक छिद्र आहे, ते कातडीखाली झाकलेले असले तरी तिथे गाल किंचित खोलगट दिसेल, एवढाच दाब कोरणीने द्यावा. कवटीतील प्रत्येक छिद्र कातडीवर खड्डा म्हणून दाखवण्याची अलीकडे रूढ झालेली पद्धत मला पटत नाही. जिवंत प्राणी कातडी ताणलेल्या कवटीसारखा दिसत नाही.

खालच्या जबड्याची एक खुबी सांगण्याजोगी आहे. त्याच्या प्रत्येक बाजूला मध्यावर एक सांधा होता, आणि त्यामुळे जबड्याचा पुढचा भाग मागच्या भागावर थोडा सरकू शके. धडपडणारे भक्ष्य तोंडात घट्ट धरून ठेवण्यासाठी ही सोय असावी. दात पात्यासारखे, मागे वळलेले आणि करवतीच्या धारेचे होते. पहिल्यांदाच प्रतिकृती करणाऱ्याने तोंड मिटलेले ठेवावे. या प्रमाणात दात अगदी बारीक भरतात, आणि ते नेटके झाले नाहीत तर सगळे डोके वाया जाते.

याच कवटीवर जखमांच्या खुणा आहेत: वरच्या एका हाडात एक खळगा, आणि खालच्या जबड्यात आणखी दोन. त्यांच्या भोवतीचे हाड सुजलेले व सच्छिद्र आहे, म्हणजे चावा बसला, जखम चिघळली, पण प्राणी त्याने मेला नाही. खळग्यांचा आकार आणि कोन पाहता हा चावा दुसऱ्या हेरेरासॉरसचाच असावा, असा अभ्यासकांचा तर्क आहे. डोक्याची माती चामड्यासारखी कडक झाली की दाभणाच्या बोथट टोकाने असा एखादा खळगा टेकवावा आणि त्याच्या कडेने बारीकशी वळी चढवून ती बोटाच्या पेराने दाबावी. एवढ्याने तो एका जातीचा नमुना न राहता एक विशिष्ट प्राणी होतो.

वाळवणे आणि रंग

प्रतिकृती सावलीत, पंख्यापासून दूर, सैल प्लॅस्टिकखाली तीन दिवस आणि नंतर उघडी आठवडाभर ठेवावी. तार आत असल्याने ती भाजायची नाही. बारीक तडे दिसले तर पातळ केलेल्या शाडूत थोडे फेविकॉल घालून ब्रशने भरावेत. कातडीसाठी खडबडीत सुती फडके ओलसर मातीवर हलके दाबले तरी पुरेसा पोत येतो. एकेक खवला कोरत बसू नये, या प्रमाणात ते खवले सुपारीएवढे ठरतील. रंग ही घडवणाऱ्याची निवड आहे. मी पाठीला गेरूत थोडा काळा मिसळून गडद तपकिरी आणि पोटाला फिकट मातकट रंग देतो, कारण दबा धरून बसणाऱ्या कित्येक प्राण्यांत वरून गडद, खालून फिका असा क्रम आढळतो.

पाटावरची जमीन

प्लायवूडवर हिरवे गवत चिकटवू नये. ट्रायासिक काळात गवत नव्हते, फुलझाडेही नव्हती. इस्चिग्वालास्तो आज उजाड, वाऱ्याने कोरलेले खोरे आहे, आणि त्याला ‘चंद्राची दरी’ म्हणतात; 2000 साली शेजारच्या तालाम्पायासह त्याचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्या काळी मात्र तिथे नद्यांची पूरमैदाने होती, जोरदार हंगामी पाऊस पडे, आणि अधूनमधून ज्वालामुखीची राख पसरे. त्याच राखेच्या थरांवरून या खडकांचे वय काढता आले. म्हणून जमीन लालसर व राखाडी चिखलाची करावी, तिच्यावर नेच्यांची पाने आणि एक्विसेटमसारख्या वनस्पतींच्या सांधेदार काड्या असाव्यात.

शेजारी जागा उरली तर हायपरोडापेडॉन हा चोचीसारख्या तोंडाचा, बुटका शाकाहारी प्राणी तेरा सेंटिमीटरचा करून ठेवता येईल. हेरेरासॉरसचे तो भक्ष्य असू शकेल. सॉरोसुकस त्याच प्रमाणात केला तर साठ सेंटिमीटरच्या वर जातो, म्हणून मी त्याची नुसती पुठ्ठ्याची आकृती कापून मागे उभी करतो. ती पाहिली की आपला शिकारी त्या काळी सर्वांत मोठा नव्हता, हे वेगळे सांगावे लागत नाही.

हायपरोडापेडॉन आपल्याकडचाही आहे. प्राणहिता–गोदावरी खोऱ्यातील मालेरी खडकांत त्याची हाडे सापडतात, आणि गडचिरोलीच्या सीमेवरून वाहणारी प्राणहिता मराठी वाचकाला परकी नाही. याच खोऱ्याच्या तेलंगणातील भागातून मिळालेल्या एका मांसाहारी डायनासोराला 2025 मध्ये मालेरिरॅप्टर कुट्टी असे नाव देण्यात आले. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतील जीवाश्मशोधक टी. एस. कुट्टी यांच्या सन्मानार्थ ते ठेवले आहे. तो हेरेरासॉरसच्याच गटातला, पण सुमारे एक कोटी वर्षांनी अलीकडचा आहे. ज्यांना दुसरी प्रतिकृती करायची असेल त्यांनी त्याचा विचार जरूर करावा. मात्र त्याचे मोजकेच अवशेष मिळाले असल्याने उरलेले शरीर हेरेरासॉरसवरूनच बेतावे लागेल, आणि तसे पाटीवर लिहावे लागेल.

पाटीवर प्राण्याचे पूर्ण नाव, हेरेरासॉरस इस्चिग्वालास्टेन्सिस, काळ, ठिकाण आणि ‘प्रमाण 1:10’ हे चार तपशील असावेत. त्याखाली मी आणखी एक ओळ लिहितो. 1963 साली जीवाश्मशास्त्रज्ञ ओस्वाल्दो रेग यांनी या डायनासोराचे नामकरण केले, तेव्हा व्हिक्टोरिनो हेरेरा यांचे नाव त्याला दिले. हेरेरा त्या डोंगराळ मुलखात शेळ्या राखत, आणि खडकातून डोकावणारी ही हाडे प्रथम त्यांच्या नजरेस पडली होती.